दवाखान्याचा पैसा कुणी द्यायचा? १९३८ च्या ठरावाचा विसरलेला अर्धा भाग

१४ एप्रिल, ६ डिसेंबर, २० मार्च, १ जानेवारी या तारखा आपल्या तोंडपाठ आहेत. १० नोव्हेंबर मात्र आपल्या दिनदर्शिकेत नाही. १९३८ साली याच तारखेला मुंबई प्रांताच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते आणि सभागृहात ते पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी केले.

महिला दिन आला की या भाषणातला एक मुद्दा सगळीकडे फिरतो. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला कुठलाही पुरुष तयार झाला नसता, हा तो मुद्दा. तो फिरतो हे चांगलेच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर ठरावाचा अर्धा भाग हातातून निसटतो. ठरावात दोन मागण्या होत्या. पहिली, सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा. दुसरी, संततिनियमनासाठी पुरेशा सोयी सरकारने उपलब्ध करून द्याव्यात.

‘सोयी’ या शब्दात काय काय येते? दवाखाना येतो, डॉक्टर येतो, नर्स येते, साधने येतात. आणि या सगळ्याचा खर्च येतो. म्हणजे १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षाने सरकारला नुसता उपदेश मागितला नव्हता, तिजोरी उघडायला सांगितले होते. संततिनियमनाच्या दवाखान्याला पैसा कुणी द्यायचा, हा प्रश्न आम्ही इथे त्यासाठीच मांडतो आहोत. आमचे म्हणणे सरळ आहे: पैसा ज्याचा, दवाखान्याचा हेतूही त्याचाच. आणि या हेतूची किंमत आजवर कुणाच्या शरीराने चुकवली आहे, हे आपल्या समाजाने विसरून चालणार नाही.

धन्याचा पैसा, धन्याचा हेतू

आधी त्या काळचे चित्र पाहू. १९१६ मध्ये मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दवाखाना उघडला. गरीब, स्थलांतरित कामगार बायकांची रांग लागली. दहा दिवसांत पोलिसांनी तो बंद पाडला आणि सँगर यांना तुरुंगात जावे लागले. सुरुवात अशी बंडखोर होती. पुढे चळवळ चालवायची तर पैसा हवा होता. तो त्यांचे दुसरे पती, तेलाचा धंदा करणारे उद्योगपती स्ली यांच्याकडून आला, रॉकफेलर घराण्यासारख्या धनिकांकडूनही आला. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना १९२१ मध्ये सुरू झाला, तोही विमान उद्योगातून श्रीमंत झालेल्या त्यांच्या पतीच्या, हम्फ्री रो यांच्या पाठबळावर.

या बायांच्या धाडसाला आमचा सलाम आहे. पण धनिकांच्या पैशाबरोबर धनिकांचे विचारही दवाखान्यात शिरले. ‘सुप्रजाजनन’ नावाचे एक शास्त्र त्या काळी युरोप-अमेरिकेत प्रतिष्ठित मानले जाई. चांगल्या बीजाच्या लोकांनी जास्त मुले व्हावीत आणि हलक्या बीजाच्या लोकांनी कमी, असे ते सांगे. चांगले बीज कुणाचे आणि हलके कुणाचे, हे अर्थात चांगले बीजवालेच ठरवणार! दोघींच्याही लिखाणात या विचाराची छाया आहे. १९५८ मध्ये स्टोप्स वारल्या, तेव्हा त्यांचा दवाखाना मृत्युपत्रानुसार सुप्रजाजनन संस्थेकडे गेला.

हे शास्त्र आपल्याकडेही आले आणि त्याला इथे फार परके वाटले नाही. जन्मावरून माणसाची प्रत ठरवण्याचा इथला अनुभव काही हजार वर्षांचा आहे. मराठीचे लोकप्रिय कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतात सुप्रजाजननाची चळवळ हवी असे सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याची प्रस्तावना मार्गारेट सँगर यांची होती. अशा मंडळींच्या संततिनियमनात गरीब बाई ही माणूस नसते, ती एक आकडा असते, तोही कमी करायचा आकडा.

र. धों. कर्व्यांचा रिकामा खिसा

मुंबईत मात्र एक माणूस दुसऱ्या वाटेने चालला होता. रघुनाथ धोंडो कर्वे. विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये, म्हणजे स्टोप्स यांनी दवाखाना काढला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९२३ मध्ये ‘संततिनियमन: आचार आणि विचार’ हे पुस्तक लिहिले. मिशनऱ्यांच्या कॉलेजला हे रुचले नाही आणि १९२५ मध्ये त्यांची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत २६ वर्षे चालवले.

या कामाला कोणी मोठा दाता मिळाला नाही. महर्षी कर्व्यांचा मुलगा असूनही मिळाला नाही. महर्षींच्या विधवाश्रमाला, महिला विद्यापीठाला देणग्या देणारा समाज रघुनाथरावांच्या दारात फिरकला नाही. विधवेला आश्रम देणे ही दया होती, म्हणून ते चालले. बाईला तिच्या शरीराचा ताबा देणे हा तिचा हक्क होता, म्हणून ते चालले नाही. दयेला देणगीदार मिळतात, हक्काला मिळत नाहीत. आपल्या चळवळीचा शंभर वर्षांचा अनुभव याहून वेगळा आहे काय?

देणगी मिळाली नाही, खटले मात्र मिळाले. अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांना १९३१ मध्ये शिक्षा झाली. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले बाबासाहेब. गोलमेज परिषदा गाजवून आलेला, पुणे कराराच्या वणव्यातून गेलेला नेता लैंगिक प्रश्नांवरच्या मासिकाची केस घेतो, हे त्या काळी अनेकांना विचित्र वाटले असेल. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, या बाजूला बाबासाहेबांनी आपले नाव जोडले ते कायमचे.

कर्व्यांच्या वाटेचा धडा काय? धनिकाचा पैसा नसल्याने त्यांचा विचार कुणाकडे गहाण पडला नाही, बाईच्या सुखाबद्दल ते बेधडक लिहू शकले. पण खिसा रिकामा होता, म्हणून एका माणसाचे केंद्र एका माणसाइतकेच मोठे राहिले. परळच्या गिरणीतली बाई, कामाठीपुऱ्यातली बाई, सोलापूरची विडी वळणारी बाई, खेड्यातल्या महारवाड्यातली बाई, या सगळ्यांपर्यंत ते कसे पोचणार?

१९२८ पासूनचे एकच सूत्र

या कोंडीतून वाट काढणारे उत्तर बाबासाहेबांकडे आधीपासून तयार होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी मांडले. सरकार तो उचलत नाही तोवर, जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्याने भार सोसावा, हेही त्यांनी ठणकावले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती-लाभाचा कायदा झाला.

आता १९२८ आणि १९३८ शेजारी ठेवून पाहा. मूल जन्माला घालणाऱ्या बाईचा खर्च समाजाने उचलावा, आणि मूल नको म्हणणाऱ्या बाईच्या साधनांचा खर्चही समाजाने उचलावा. दोन्हींत सूत्र एकच. बाईचे आई होणे किंवा न होणे हे नवऱ्याच्या कमाईवर, शेठच्या दानावर, मालकाच्या मर्जीवर सोडायचे नाही.

१९३८ च्या भाषणात गरिबीचा मुद्दा आहे, मातांच्या आरोग्याचा आहे, बालमृत्यूंचा आहे. वाढत्या लोकसंख्येचा मुद्दाही त्या काळच्या भाषेत आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण या सगळ्यांच्या वर एक मुद्दा आहे: कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे आणि संतती होणे हे सर्वस्वी तिच्या इच्छेवर अवलंबून असले पाहिजे. ‘कोणत्याही कारणाने’! नवऱ्याची परवानगी नाही, सासूचा होकार नाही, डॉक्टरचा उपदेश नाही, तहसीलदाराचे टार्गेट नाही. दक्षिणेत पेरियार हेच सांगत होते. संततिनियमन देशाच्या गरिबीसाठी नव्हे, बाईच्या स्वातंत्र्यासाठी हवे, असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा १९३८ च्या ठरावाचे सूत्र असे वाचावे: पैसा सरकारचा, इच्छा बाईची. यातला एक पाय काढला की तिवई कोसळते.

पैसा नव्हता असे नव्हे

ठरावाचे काय झाले? बाजूने ११, विरोधात ५२. ठराव पडला.

सत्तेवर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. काँग्रेसच्या नैतिकतेचा सूर वर्ध्याहून लागत असे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना वर्ध्यात भेटल्या होत्या. साधने वापरून संततिनियमन करणे गांधीजींना मान्य नव्हते, त्यांचा उपाय एकच होता: ब्रह्मचर्य, संयम. हा उपाय फुकट आहे, सरकारी तिजोरीला त्याची झळ लागत नाही. पण दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्यासमोर बायकोच्या संयमाला काय किंमत असते, हे चाळीतल्या कोणत्याही बाईने सांगितले असते.

सरकारकडे पैसा नव्हता म्हणून ठराव पडला, असे कुणी म्हणेल. मग दारूबंदीकडे पाहा. याच मंत्रिमंडळाने त्याच काळात दारूबंदीचा धडाका लावला आणि अबकारी उत्पन्नावर पाणी सोडले. त्या काळी प्रांताच्या मिळकतीत अबकारीचा वाटा मोठा होता. दारूबंदीच्या खर्चिक अग्रक्रमावर बाबासाहेबांनी विधानसभेतच टीका केली होती. म्हणजे नैतिकतेसाठी तिजोरी रिकामी करण्याची तयारी होती, बाईच्या दवाखान्यासाठी नव्हती. अंदाजपत्रक हा जमाखर्च असतोच, पण सत्ताधाऱ्याला कोण माणूस वाटतो आणि कोण नाही, याची ती यादीही असते.

आणि हे अशक्य होते असेही नाही. शेजारच्या म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी इस्पितळांत संततिनियमनाचे दवाखाने उघडण्याचा आदेश काढला होता. एक संस्थानिक सरकार जे करू शकले, ते निवडून आलेल्या राष्ट्रवादी सरकारने आठ वर्षांनंतर नाकारले.

ठराव पडला म्हणून बाबासाहेब गप्प बसले नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषदेत हजारो बायांसमोर ते पुन्हा या प्रश्नावर बोलले. लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देणे हा गुन्हा आहे, नवऱ्याची गुलाम होऊ नका, मैत्रीण म्हणून उभ्या राहा. हे एका दमात सांगितलेले आहे. मुलांचा मुद्दा उचलायचा आणि गुलामीचा सोडायचा, असे करता येणार नाही.

पैसा आला, इच्छा गेली

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, असे करणारा तो जगातला पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत ६५ लाख रुपये ठेवले गेले. त्यातले एक चतुर्थांशही खर्च झाले नाहीत. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या, त्यांचा कल ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याकडे. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्याचे प्रयोग झाले. नको असलेले मूल टाळायला माळ!

साठच्या दशकात मात्र पैशाचा ओघ वाढला. तो बाईच्या इच्छेसाठी वाढला नाही, लोकसंख्येच्या भीतीने वाढला. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीरपणे हिशेब मांडला की लोकसंख्या-नियंत्रणावरचे पाच डॉलर हे आर्थिक विकासावरच्या शंभर डॉलरांच्या तोडीचे आहेत. गरिबाला शिकवण्यापेक्षा, जमीन देण्यापेक्षा गरीब जन्मूच न देणे स्वस्त, असा हा हिशेब. परदेशी मदत आली आणि तिच्या मागोमाग टार्गेट आले. १९६६ पासून कार्यक्रमच टार्गेटवर चालू लागला.

या वाटेचा शेवट आणीबाणीत झाला. १९७६ च्या लोकसंख्या धोरणाने राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय योजना-मदतीतला ८ टक्के भाग कुटुंबनियोजनातल्या कामगिरीशी बांधला. जितक्या नसबंदीच्या केसेस, तितका निधी! महाराष्ट्र तर एक पाऊल पुढे गेला. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. पोलिसांचा वेढा कुणाच्या वस्तीला पडला? हरियाणात उटावरच्या मुस्लिम गावाला. ट्रकमधून कुणाला नेले? ज्याच्याकडे वशिला नाही, जमीन नाही, वकील नाही, त्याला.

म्हणजे १९३८ मध्ये जी तिजोरी बाईच्या इच्छेसाठी उघडली नाही, ती १९७६ मध्ये तिची आणि तिच्या नवऱ्याची इच्छा चिरडण्यासाठी उघडली. तिवईचा दुसरा पाय काढला होता.

सहाशे आणि अडीचशे

हे सगळे जुने झाले, असे वाटत असेल तर एक सरकारी दरपत्रक पाहा. २००७ च्या सुधारित केंद्रीय दरांनुसार महाराष्ट्रासारख्या राज्यांत सरकारी दवाखान्यात नसबंदी करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या बाईला ६०० रुपये, तर दारिद्र्यरेषेवरच्या इतर बाईला २५० रुपये. पुरुषाने करून घेतली तर जातीचा प्रश्न नाही, सर्वांना एकच दर, ११०० रुपये.

बुडालेल्या मजुरीची भरपाई असे याचे नाव आहे आणि मजुरी बुडते हे खरेच. पण जिची मजुरी बुडते तिला मूल लांबवण्याची साधने कितपत मिळतात? त्याचे उत्तर सरकारच्याच पाहणीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची. तरी टेबलावर झोपते ती बाईच. गोळी, तांबी, निरोध, इंजेक्शन यांतून निवड करण्याचा तिचा हक्क कागदावर राहतो, आणि कार्यक्रमाचा भर एका शस्त्रक्रियेवर.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या इस्पितळात शिबिर भरले. एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्यानंतर १३ जणींचा जीव गेला. त्या कोण होत्या, हे आपल्या वाचकाला सांगायला हवे काय? गरीब, दलित, आदिवासी, मागासवर्गीय घरांतल्या तरुण आया. टार्गेट अधिकृतपणे १९९६ मध्येच रद्द झाले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात सांगितले की शिबिरे तीन वर्षांत थांबवा, टार्गेट लादू नका, गरीब आणि दुर्बल घटकांतील स्त्रियांच्या निवडीच्या हक्काचा मान राखा. बाबासाहेबांच्या पक्षाने ७८ वर्षांपूर्वी सांगितलेले न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

दोन्हीकडच्या आक्षेपांना उत्तर

आज दोन प्रकारचे लोक आपल्याला अडवतात. पहिले म्हणतात, ‘तुमच्या बाबासाहेबांनाच लोकसंख्या कमी हवी होती, मग लोकसंख्या-नियंत्रण कायद्याला पाठिंबा द्या.’ यांना आमचे उत्तर: बाबासाहेबांच्या पक्षाने सोयी मागितल्या होत्या, शिक्षा नव्हे. ज्या भाषणात निर्णय बाईच्या इच्छेवर सोपवला आहे, त्यातून रेशन कापणारा, निवडणुकीला उभे राहू न देणारा कायदा निघत नाही. मूल किती हवे हे नवरा आणि सासू ठरवणार आणि तिसऱ्या मुलाची शिक्षा सरपंच होऊ पाहणाऱ्या आमच्या बहिणीला मिळणार, हा कुठला न्याय?

दुसरे आपल्यातलेच आहेत. ते म्हणतात, ‘कुटुंबनियोजन हा आपली संख्या घटवण्याचा डाव आहे, लोकशाहीत संख्या हीच ताकद.’ आणीबाणी पाहिलेल्या समाजाचा हा संशय आम्ही समजू शकतो. पण संख्येचे राजकारण बाईच्या गर्भाशयात उभारायचे, हा विचार सुप्रजाजननवाल्यांचाच उलटा आरसा आहे. त्यांना तिची मुले कमी हवीत, यांना जास्त हवीत. तिला काय हवे हे दोघेही विचारत नाहीत. आपली ताकद शिक्षण, संघटन आणि संघर्षात आहे. रमाईने लेकरे गमावली. ते दुःख ज्या घराने भोगले, त्या घराच्या माणसाने हे भाषण लिहिले, एवढे ध्यानात ठेवावे.

आता काय करायचे

गावातल्या, वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी ही कामे हाती घ्यावीत.

आपल्या जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात कुटुंबनियोजनाला किती पैसे मिळतात आणि त्यांतले नसबंदीवर किती, इतर साधनांवर किती, पुरुषांमधल्या प्रचारावर किती, हे माहिती अधिकारात मागावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात निरोध, गोळ्या, तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन खरोखर मिळते का, हे महिन्यातून एकदा जाऊन पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्र बाईला मराठीत वाचून दाखवतात का, तिला वेळ देतात का, हे विचारावे. आशाताईला दोष देऊ नये. तिलाही तुटपुंज्या मोबदल्यात वरून येणारा दबाव सोसावा लागतो आणि बहुतेकदा ती आपल्याच घरची असते. आणि विहारातल्या बैठकीत हा विषय फक्त महिला आघाडीकडे ढकलू नये. नसबंदीचा ०.३ टक्का हा पुरुषांचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर पुरुषांनी द्यावे.

कर्व्यांकडे हेतू होता, पैसा नव्हता. आणीबाणीच्या सरकारकडे पैसा होता, माणुसकी नव्हती. १९३८ च्या ठरावाने दोन्ही एकत्र मागितले आणि ५२ विरुद्ध ११ ने तो पडला. तो ठराव अजून मंजूर व्हायचा आहे. येत्या १० नोव्हेंबरला आपल्या वस्तीत तो मोठ्याने वाचा, त्यातला दुसरा भागही वाचा, आणि वाचून झाल्यावर आरोग्य केंद्राच्या दारात जाऊन विचारा: सोयी कुठे आहेत?

जय भीम!